न शोधता सापडलेले

अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात एका मोठ्या अभ्यासासाठी शाळाशाळांतून मुले निवडण्यात आली. वय नऊ ते दहा. देशभरातील २१ केंद्रांवर मिळून ही मुले जवळजवळ ११,९०० होती. किशोरवयात मेंदू कसा घडतो, आणि झोप, खेळ, अभ्यास, घरची परिस्थिती, पुढे लागू शकणारी व्यसने यांचा त्या घडण्याशी काय संबंध असतो, हे पाहण्याचा हेतू होता. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हा अभ्यास 'ए.बी.सी.डी.' म्हणून ओळखला जातो. प्रत्येक मुलाच्या मेंदूची एम.आर.आय. यंत्राने प्रतिमा घेतली गेली. यांपैकी कोणालाही डोके दुखते किंवा चक्कर येते म्हणून आणलेले नव्हते. तरीही प्रत्येक प्रतिमा मेंदूच्या प्रतिमा वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या नजरेखालून जावी, असे ठरलेले होते.

त्याचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. ११,६७९ मुलांच्या प्रतिमा वाचण्याजोग्या होत्या. त्यांपैकी २,४६४ मुलांच्या प्रतिमांत काही ना काही वेगळे सापडले. हे प्रमाण २१.१ टक्के भरते. चाळीस मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणला, तर त्यातली आठ मुले.

हा आकडा प्रथम वाचला तेव्हा आमच्या मनात आले ते बहुधा वाचकांच्याही मनात येईल. दर पाच मुलांमागे एकाच्या मेंदूत काही 'दोष' आहे, आणि ते मूल आपल्यासमोर बाकावर बसून पाढे म्हणते आहे, असे कसे? याचे उत्तर समजून घ्यायचे तर आधी त्या यंत्राला काय दिसते आणि आपण 'दोष' कशाला म्हणतो, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतील.

यंत्राला काय दिसते

एम.आर.आय. म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाने घेतलेली प्रतिमा. आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचे अणुकेंद्रक एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखे वागते. वरील अभ्यासात ३ टेस्ला क्षमतेची यंत्रे वापरली होती. हे चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट बलवान असते. अशा क्षेत्रात हायड्रोजनची केंद्रके सेकंदाला सुमारे १२ कोटी ८० लाख वेळा भोवऱ्यासारखी डुलतात. बाहेरून नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की ती ऊर्जा घेतात आणि लहर थांबली की परत देतात. परत देण्याचा वेग आजूबाजूच्या ऊतींवर अवलंबून असतो. पाण्यात तो वेगळा, चरबीयुक्त आवरण असलेल्या चेतातंतूंत वेगळा, रक्तात आणखी वेगळा. या फरकांतून संगणक चित्र तयार करतो. यात क्ष-किरण नसतात, म्हणूनच निरोगी मुलांवर निव्वळ अभ्यासासाठी ही तपासणी करता येते.

हे चित्र किती बारीक असते? एका बाजूला एक मिलिमीटर अशा घनांचे. दहा वर्षांच्या मुलाचा मेंदू सव्वा लिटरहून मोठा असतो. म्हणजे केवळ मेंदूचेच बारा लाखांहून अधिक घन झाले, आणि प्रत्येकाची काळी-पांढरी छटा तज्ज्ञासमोर येते. एवढ्या ठिकाणी डोळे लावून पाहिल्यावर कोठेच काही वेगळे दिसू नये, अशी अपेक्षा करणेच चूक आहे.

मग दिसते तरी काय? यासाठी हॉलंडमधील रॉटरडॅम शहरातला अभ्यास उपयोगी पडतो. तेथे एकाच शहरात जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जातो. त्यांतल्या सरासरी दहा वर्षे वयाच्या ३,९६६ मुलांच्या प्रतिमांचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. २५.६ टक्के मुलांत काहीतरी सापडले. सर्वांत मोठा वाटा पिनिअल ग्रंथीतील सिस्टचा होता: ६६५ मुले, म्हणजे १६.८ टक्के. सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. पिनिअल ही मेंदूच्या मधोमध असलेली, वाटाण्याहूनही लहान ग्रंथी. झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक ती तयार करते. (सतराव्या शतकात देकार्तने आत्म्याचे मुख्य स्थान म्हणून हीच ग्रंथी निवडली होती. मेंदूत बाकी सारे जोडीने आणि ही एकटीच, हे त्याचे एक कारण!) या ग्रंथीत छोटीशी पोकळी राहणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे.

त्यानंतर ॲरॅक्नॉइड सिस्ट, सुमारे २ टक्के मुलांत. मेंदूला तीन आवरणे असतात. त्यांतले मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम असते आणि त्याच्या पदरात अशी द्रवाची पिशवी जन्मापासून असू शकते. दीड टक्क्याच्या आसपास मुलांत शिरांची मांडणी नेहमीपेक्षा निराळी होती. एका झाडाच्या फांद्या जशा दुसऱ्या झाडासारख्या फुटत नाहीत, तसलाच हा प्रकार.

हनुवटीवरची खळी, जोडलेल्या भुवया, सहा बोटांचा हात: माणसांच्या बाह्यरूपातले असले फरक आपण रोज पाहतो आणि आजार समजत नाही. मेंदूचे तसे फरक आपल्याला दिसत नव्हते, एवढेच. अमेरिकेच्या अभ्यासात जुळी मुलेही बरीच होती. त्यांच्या तुलनेतून असे दिसले की प्रतिमेत काही वेगळे सापडणे हे काही अंशी आनुवंशिक आहे. मुलामुलांतील एकूण फरकापैकी सुमारे चतुर्थांश फरकाचा संबंध आनुवंशिकतेशी लावता येतो. चेहऱ्याप्रमाणे मेंदूची ठेवणही काही प्रमाणात आईवडिलांकडून येते, असा याचा अर्थ.

चाळणीची भोके

येथे एक शंका चाणाक्ष विद्यार्थी नक्की काढतील. अमेरिकेत २१ टक्के, रॉटरडॅममध्ये २५ टक्क्यांहून अधिक. फिलाडेल्फियात ८ ते २३ वर्षे वयाच्या १,४०० जणांच्या अशाच पाहणीत (२०१३) मात्र १०.६ टक्केच! मुलांचे मेंदू गावोगावी इतके बदलतात काय?

मेंदू बदलत नाहीत, मोजणी बदलते. पिनिअल सिस्टचेच पाहा. मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी पंचविशीपर्यंतच्या १४,५१६ रुग्णांच्या जुन्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा ती सुमारे २ टक्के जणांत आढळली. रॉटरडॅममध्ये जवळजवळ १७ टक्के. रुग्णालयातील नेहमीच्या प्रतिमांत मेंदूचे काप जाड घेतले जातात. दोन-तीन मिलिमीटरची पोकळी त्यांत हरवून जाते. बारीक कापांत तीच स्पष्ट दिसते. शिवाय 'एवढी लहान असेल तर नोंदच करायची नाही' असे एक केंद्र ठरवते, दुसरे ठरवत नाही. चाळणीची भोके बदलली की वर राहणाऱ्या खड्यांची संख्याही बदलते. तेव्हा 'इतके टक्के मुलांत दोष' असे वाक्य वाचले, की 'कोणत्या चाळणीने?' हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायला लावावा.

सीमारेषा कोठे आखायची, याचे एक उदाहरण तर आवर्जून सांगण्यासारखे आहे. अनुमस्तिष्काचा, म्हणजे लहान मेंदूचा, खालचा भाग कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून खाली मानेकडे उतरलेला असेल, तर त्याला 'कियारी विकृती, प्रकार पहिला' म्हणतात. प्रागमधील विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९१ साली तिचे वर्णन केले. हा भाग छिद्राच्या पातळीखाली ५ मिलिमीटर किंवा अधिक उतरला तर विकृती, ही सर्वसाधारण रूढ रेषा. आता १९९२ साली वेगवेगळ्या वयाच्या माणसांत ही मोजणी केली गेली, तेव्हा काय दिसले? हा भाग वयाबरोबर आपोआप वर सरकतो. म्हणून पहिल्या दहा वर्षांत ६ मिलिमीटरपर्यंतचे अंतर नेहमीचे समजावे, त्यानंतरच्या वीस वर्षांत ५, पुढे ऐंशीपर्यंत ४ आणि नंतर ३, असे सुचवण्यात आले. म्हणजे साडेपाच मिलिमीटर हे माप आठ वर्षांच्या मुलीत निर्धोक आणि तिच्या आईत 'विकृती'.

आणखी गंमत पुढेच आहे. कियारींनी या प्रकाराचे नमुनेदार उदाहरण म्हणून जी मुलगी वर्णिली, ती सतरा वर्षांची होती आणि विषमज्वराने वारली होती. तिच्या डोक्यात पाणी साठलेले होते हे खरे. पण अनुमस्तिष्क खाली उतरल्यामुळे व्हावीत अशी कोणतीही लक्षणे तिला हयातीत नव्हती. म्हणजे ज्या स्थितीला आज रोगाचे नाव आहे, तिचा पहिला नमुनाच न शोधता सापडलेला होता. कियारी विकृतीमुळे काही मुलांना खरोखर त्रास होतो, खोकताना मानेत असह्य कळ येते, हातांची संवेदना जाते, शस्त्रक्रियाही करावी लागते. ती मुले वेगळी. केवळ मिलिमीटर मोजून त्यांच्यात कोणाला बसवता येत नाही.

वीस मुले आणि सात मुले

इथवर वाचून 'म्हणजे सगळे किरकोळच' असा समज होईल, तर तो आधीच खोडला पाहिजे. अमेरिकेच्या अभ्यासातील २,४६४ मुलांची विभागणी अशी: २,०१३ मुलांच्या बाबतीत पुढे काहीच करण्याची गरज नव्हती. ४३१ मुलांना (३.७ टक्के) डॉक्टरांना दाखवण्याचा विचार करावा, असे ठरले. आणि २० मुलांना ताबडतोब दाखवावे, असे. दर सहाशे मुलांमागे एक. मोठ्या शाळेत असे एखादे मूल असू शकते. त्याच्या आईवडिलांसाठी हा टक्केवारीचा प्रश्न नाही.

रॉटरडॅममध्ये ज्यांचा पुढे पाठपुरावा करणे आवश्यक वाटले अशी मुले १७ होती. त्यांपैकी सात जणांत मेंदूतल्या गाठीचा संशय आला. या सात मुलांवरून एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर सहज होईल.

३,९६६ मुलांत ७, म्हणजे लाखात सुमारे १७६. हा झाला एका क्षणाचा फोटो. आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या नोंदणीनुसार वीस वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला मेंदू व मज्जारज्जूच्या गाठींचे सुमारे ६ नवे रुग्ण सापडतात. यांत कर्करोगाच्या आणि साध्या, दोन्ही गाठी आल्या. म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत लाखात सुमारे ६०. रॉटरडॅमच्या संशयित १७६ गाठी जर सगळ्याच वाढणाऱ्या असत्या, तर पुढच्या दहा वर्षांत आजारी पडून येणाऱ्यांची संख्या याच्या तिप्पट हवी होती.

या हिशेबात दोन खोटी आहेत आणि त्या विद्यार्थ्यांनीच शोधाव्यात. एक, मुले हॉलंडची आणि नोंदणी अमेरिकेची. दुसरी अधिक महत्त्वाची. सात ही संख्या फार लहान आहे. निव्वळ योगायोगाने ती तीन ते चौदा यांच्या दरम्यान कोठेही पडू शकली असती. तीनच धरल्या तरी लाखात ७५ येतात, म्हणजे ६० पेक्षा जास्तच. तेव्हा निष्कर्ष असा निघतो: या संशयित गाठींपैकी काही मुळात गाठीच नसाव्यात, आणि ज्या असतील त्यांपैकी काही वर्षानुवर्षे जागच्या हलत नसाव्यात. यंत्र नसते तर त्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना त्या कधी कळल्याच नसत्या.

पण कोणती गाठ कोणत्या प्रकारची, हे पहिल्या चित्रावरून बहुधा सांगता येत नाही. म्हणून पुन्हा चित्र. सहा महिन्यांनी आणखी एक. दहा वर्षांचे मूल यंत्रात निश्चल पडून राहू शकते. तीन वर्षांच्या मुलाला त्यासाठी बऱ्याचदा भूल द्यावी लागते. आणि प्रत्येक चित्राच्या आधीचे आठ दिवस घरात कोणी नीट जेवत नाही, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

जपानचा धडा

न शोधता सापडलेले निरुपद्रवी निघणे वेगळे, आणि मुद्दाम शोधून काढलेले निरुपद्रवी निघणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराचा मोठा अनुभव मुलांच्याच बाबतीत घेतला गेला आहे. तो मेंदूचा नव्हे, पण चेतासंस्थेशी निगडित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत किंवा कण्यालगतच्या चेतापेशींच्या पुंजक्यांत होतो. तो काही विशिष्ट रसायने लघवीत सोडतो. जपानने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून देशातील सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासायला सुरुवात केली. रोग लवकर पकडावा, मुले वाचवावीत, याहून सरळ विचार कोणता? रुग्ण भराभर सापडू लागले आणि त्यांतले बहुतेक सगळे बरे झाले. यश डोळ्यांसमोर होते.

मग कॅनडातील क्वेबेक प्रांतात आणि जर्मनीत तपासणी झालेल्या व न झालेल्या मुलांची तुलना करण्यात आली. जर्मनीत सुमारे १४ लाख ७५ हजार मुले एक वर्षाच्या सुमारास तपासली गेली. २००२ साली दोन्ही ठिकाणचे निष्कर्ष आले. तपासणीमुळे रुग्णांची संख्या वाढली, या रोगाने होणारे मृत्यू मात्र घटले नाहीत. तपासणीत सापडणाऱ्या अनेक गाठी आपोआप विरघळणाऱ्या होत्या. जीव घेणारी जात निराळी होती आणि ती तपासणीच्या वयानंतर वेगाने वाढत होती. ज्या बाळांच्या गाठी विरघळल्याच असत्या, त्यांतल्या काहींना शस्त्रक्रिया आणि औषधे सोसावी लागली. जपानने हा कार्यक्रम २००४ साली थांबवला. निरोगी मुलांच्या मेंदूंची सरसकट तपासणी करावी, असे अधूनमधून कोणी सुचवते. त्यांनी हा इतिहास आधी वाचावा, असे आम्हांला वाटते.

पुण्यातील नाहीसे होणारे डाग

चित्रातला डाग आपोआप जातो, हे आपल्याकडील डॉक्टरांनी मेंदूच्या बाबतीतही पाहिले आहे. ते रुग्ण निरोगी नव्हते, एवढा फरक लक्षात ठेवून ही हकिगत वाचावी. १९८० च्या दशकात आपल्या मोठ्या शहरांत सी.टी. स्कॅन यंत्रे आली. झटका आलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या मेंदूत एखादा वाटोळा, कडेने उजळणारा लहानसा डाग वारंवार दिसू लागला. आपल्या देशात क्षयरोग घरोघरी, त्यामुळे असा डाग म्हणजे क्षयाची गाठ, असे धरून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. पुण्यातील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली अशा रुग्णांवर लेख प्रसिद्ध केला. दिल्लीच्या डॉक्टरांनीही त्याआधी असेच निरीक्षण नोंदले होते. काही रुग्णांना केवळ झटके थांबवणारी औषधे दिली, तरी पुन्हा सी.टी. काढल्यावर डाग नाहीसा झालेला असे!

हे डाग होते तरी काय? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांतले असे डाग शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांतले बहुतेक डुकरातील पट्टकृमीच्या अळीचे अवशेष निघाले. मरत असलेल्या अळीभोवती शरीराने उभी केलेली ती सूज होती. अळी विरली की डागही विरे. ज्या चित्राला सगळे एकच नाव देत होते, त्याचा अर्थ असा बदलला. आणि तो बदलला कशामुळे? काही डॉक्टर घाई न करता थांबले, पुन्हा पाहिले आणि नोंद ठेवली, यामुळे.

डोकेदुखी आणि योगायोग

आता शाळेत येऊ. आज जिल्ह्याच्याच नव्हे, तर अनेक तालुक्यांच्या गावीही एम.आर.आय. होतो. मूल डोके दुखते म्हणते, पालक घाबरतात, तपासणी होते, आणि अहवालात 'पिनिअल सिस्ट' किंवा 'ॲरॅक्नॉइड सिस्ट' असे दोन शब्द येतात. मग आई फाइल घेऊन शाळेत येते: "सर, याच्या मेंदूत गाठ आहे. याला पी.टी.च्या तासाला बसवून ठेवा."

येथे संभाव्यतेचा साधा नियम उपयोगी पडतो. डोकेदुखी मुलांत अतिशय सामान्य आहे. प्रतिमेतला वेगळेपणाही सामान्य आहे, पाचात एक. ज्या मुलांचे डोके कधीच दुखले नाही त्यांत जर पाचात एकाला काही सापडते, तर डोके दुखणाऱ्या मुलांतही कमीत कमी पाचात एकाला काहीतरी सापडणारच, या दोहोंचा काडीचा संबंध नसला तरी! ज्याचे डोके दुखते आणि ज्याला सिस्ट आहे असे मूल समोर आले, की मन लगेच दोहोंची गाठ मारते. ती गाठ मात्र प्रतिमेत नसते. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ सालीच असे मार्गदर्शन केले होते की वारंवार डोके दुखणाऱ्या, पण तपासणीत चेतासंस्थेचे काही बिघडलेले न आढळणाऱ्या मुलाचे नेहमीचा भाग म्हणून स्कॅन करू नये.

सी.टी. असेल तर आणखी एक कारण आहे. त्यात क्ष-किरण वापरतात. ब्रिटनमध्ये लहानपणी सी.टी. झालेल्या पावणेदोन लाखांहून अधिक व्यक्तींचा मागोवा घेतला गेला (२०१२). किरणांची मात्रा वाढेल तसा रक्ताच्या कर्करोगाचा आणि मेंदूतल्या गाठींचा धोका वाढताना दिसला. प्रत्यक्ष धोका अगदी थोडा आहे, हेही तितकेच खरे, आणि डोक्याला जोरदार मार लागला असताना कोणी सी.टी. टाळू नये. पण केवळ मनाच्या समाधानासाठी तो काढणे बरे नव्हे.

मग ते सहाशेतले एक मूल कसे ओळखायचे? आम्ही पेशाने संशोधक आहोत, डॉक्टर नव्हे. तरी जे प्रसिद्ध झाले आहे ते सांगता येईल. ब्रिटनमध्ये २०११ साली 'हेडस्मार्ट' नावाची मोहीम सुरू झाली. तिने यंत्रे वाढवली नाहीत. डॉक्टर, पालक आणि शिक्षक यांना लक्षणांची यादी दिली: पुन्हा पुन्हा होणारी डोकेदुखी, विशेषतः झोपेतून उठवणारी किंवा सकाळी उलटीसह येणारी, नव्याने आलेला तिरळेपणा किंवा दोन-दोन दिसणे, तोल जाणे, चाल बिघडणे, मान एका बाजूला कलती धरणे, झटके, वागण्यात न समजणारा बदल, वाढ खुंटणे किंवा वयात येणे लांबणे. लक्षण सुरू झाल्यापासून मेंदूतल्या गाठीचे निदान होईपर्यंत तेथे पूर्वी मध्यमानाने चौदा आठवड्यांहून अधिक काळ जात असे. २०१३ पर्यंत तो सात आठवड्यांच्या आत आला.

या यादीतल्या निम्म्या गोष्टी डॉक्टरांच्या आधी वर्गशिक्षकाला दिसतात. जून महिन्यात सरळ ओळीत लिहिणाऱ्या मुलीचे अक्षर दिवाळीनंतर घसरू लागले, ती फळा वाचताना मान तिरपी करू लागली, जिना उतरताना कठडा धरू लागली, तर हे तिच्या वहीत आणि वर्गात रोज दिसते. असे दिसले की पालकांना त्याच आठवड्यात बोलवावे आणि डॉक्टरकडे जाताना 'हे कधीपासून, कसे बदलले' ते कागदावर लिहून द्यावे. अशा मुलीचे स्कॅन तातडीने झालेच पाहिजे. तेथे आधीचा कोणताही आकडा आड आणू नये.

आणि फाइल घेऊन आलेल्या त्या आईला? आम्हांला वाटते, तिला प्रथम एकच विचारावे: स्कॅन कशासाठी काढले होते आणि डॉक्टरांनी खेळायला स्पष्टपणे मनाई केली आहे का? मोठी ॲरॅक्नॉइड सिस्ट असेल, तर डोक्याला मार बसेल अशा खेळांबद्दल डॉक्टर कधी सावधगिरी सांगतात. ते त्यांच्याकडून लेखी घ्यावे. मनाई नसेल, तर मुलाला मैदानावर पाठवावे. वर्षभर कठड्यावर बसवून ठेवलेल्या मुलाला वर्गातली मुले जे नाव ठेवतात, ते सिस्टपेक्षा जास्त दिवस टिकते.

सांगायचे की नाही

एक प्रश्न संशोधकांच्या बाजूचा. अभ्यासासाठी आलेल्या निरोगी मुलाच्या प्रतिमेत काही दिसले, तर पालकांना सांगायचे काय? विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत याचा फारसा विचार झाला नव्हता. यंत्र चालवणारे अनेक जण मानसशास्त्रज्ञ किंवा भौतिकशास्त्रज्ञ होते आणि डोळ्यांसमोरून गेलेले त्यांना ओळखूही आले नसते. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १,००० स्वयंसेवकांच्या प्रतिमांचा हिशेब मांडला. त्यांत तीन वर्षांच्या मुलांपासून ८३ वर्षांच्या वृद्धांपर्यंत सगळे होते. १८ टक्क्यांत काहीतरी सापडले. त्यानंतर ही चर्चा सुरू झाली. २००५ साली डॉक्टर, कायदेपंडित आणि नीतिशास्त्रज्ञ यांची बैठक झाली. तिच्यातून निदान एवढे ठरले की काय सापडू शकते आणि सापडल्यास काय करणार, हे संमतिपत्रातच लिहिलेले असावे.

सारे काही सांगून टाकणे वरवर प्रामाणिकपणाचे वाटते. आमचे मत वेगळे आहे. प्रत्येक प्रतिमा तज्ज्ञाने पाहिलीच पाहिजे. पण ज्यावर काहीही करायचे नाही असे तो तज्ज्ञच म्हणतो, ते दहा वर्षांच्या मुलाच्या नावावर आयुष्यभरासाठी लिहून ठेवण्यात त्या मुलाचे हित दिसत नाही. मूल आज स्वतः 'मला नको' असे म्हणू शकत नाही, म्हणून ही जबाबदारी अधिकच. याच्या विरुद्ध मत असणारे लोकही विचारी आहेत. वर्गात हा वादविवादाचा विषय म्हणून अवश्य घ्यावा.

यातले पुष्कळसे अजून कळायचे आहे. आज एखादी सिस्ट 'निरुपद्रवी' म्हणतात ती बहुतेक वेळा एकाच चित्राच्या आधारे. अमेरिकेच्या अभ्यासाची आखणी अशी आहे की त्याच मुलांच्या मेंदूची प्रतिमा दर दोन वर्षांनी पुन्हा घ्यायची. २०१६ साली दहा वर्षांची असलेली मुले आता मतदानाच्या वयाची झाली आहेत. दहाव्या वर्षी दिसलेला कोणता डाग तसाच राहिला, कोणता मावळला आणि कोणता वाढला, हे त्या प्रतिमा एकापुढे एक ठेवूनच पाहता येईल.